ग्लिफ्स ३ : सावली झटपट पडते, शिरोरेषेला मात्र वेळ द्या

शीर्षकांसाठी नक्षीदार देवनागरी फॉन्ट करायचा होता, तोही साधा, पोकळ, पट्टेरी आणि सावलीचा अशा चार रूपांत. त्यासाठी ग्लिफ्स ३ हा फॉन्ट बनवायचा प्रोग्राम वापरतेय. हे फक्त मॅकवर चालतं, त्यामुळे विंडोजवाल्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल.

सगळ्यात आवडले ते फिल्टर, म्हणजे अक्षरांवर आपोआप परिणाम चढवणारी साधनं. मूळ अक्षर एकदाच काढायचं. पट्टे पाडणं, मागे जाडी देणं हे एक्सपोर्ट करताना, म्हणजे तयार फॉन्टची फाइल काढताना, आपोआप होतं. ‘क’चा गोल सुधारला की चारही रूपांत सुधारतो.

पोकळ रूपात मात्र देवनागरी लगेच हिसका दाखवते. फिल्टर प्रत्येक अक्षराभोवती बंद रेघ मारतो. ‘नगर’ लिहिलं की दोन्ही सांध्यांवर शिरोरेषेत नको असलेल्या उभ्या रेघा दिसतात. रोमन अक्षरं सुटी, त्यांना ही कटकटच नाही. मग शिरोरेषेची टोकं उघडी ठेवायची आणि शब्दाच्या सुरुवातीला नि शेवटी तेवढी बंद करायची. शेजारचं अक्षर पाहून रूप बदलणारे हे नियम हातानेच लिहावे लागतात. माझा सर्वाधिक वेळ इथे गेला.

सावलीची फाइल वेगळीच करा. एकाच रंगात ती पुढच्या अक्षराच्या दंडात मिसळते. अक्षर आणि सावली एकावर एक ठेवायची, म्हणून दोन्ही फाइलींत रुंदी आणि कर्निंग (अक्षरांच्या जोड्यांमधलं अंतर) तंतोतंत सारखं हवं, नाहीतर सावली सरकते.

पर्यायी वळणांचं काम सोपं आहे: अक्षराच्या नावापुढे ‘.ss01’ जोडलं की स्टायलिस्टिक सेटचा, म्हणजे हव्या तेव्हा लावता येणाऱ्या पर्यायी अक्षरांच्या संचाचा, कोड प्रोग्राम स्वतः लिहितो. असे २० सेट करता येतात. पण मजकुराची भाषा मराठी ठरवलेली असली की मराठी वळणाचे ल आणि श वेगळ्या नावाच्या अक्षरांतून येतात. त्यांचीही नक्षीदार रूपं काढावी लागतात, नाहीतर ‘कमल’मध्ये क, म नटलेले आणि ल घरच्या कपड्यांत!

वर्डमध्ये एका वेळी एकच सेट लावता येतो, म्हणून मी सेटमध्ये फक्त वळणं ठेवली आणि चार रूपांचे चार फॉन्ट केले.

३० दिवसांची चाचणी प्रत फुकट मिळते. तेवढ्यात बाराखडी पुरी करत बसू नका. ‘लक्ष्मी’, ‘कीर्ती’ आणि ‘द्वंद्व’ काढून पट्टे पाडून बघा. रफार वेलांटीत अडकतोय का, ते तिथेच कळेल.