‘कॉल रेकॉर्ड केलात, आता तीन वर्षं आत जाल’

मुलीला हिंजवडीत नोकरी लागली म्हणून आम्ही वाकडला भाड्याने फ्लॅट शोधत होतो. एका एजंटने फ्लॅट दाखवला, ५०,००० रुपये डिपॉझिट घेतलं आणि किल्ली द्यायची वेळ आली तशी टाळाटाळ सुरू केली. चौकशी केली तर मूळ मालकाला हा माणूस माहीतच नव्हता. आमच्या ह्यांच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. ‘हो काका, पैसे माझ्याकडेच आलेत, शुक्रवारी परत करतो,’ हे त्याचं बोलणं त्यात स्पष्ट होतं. रेकॉर्डिंग आहे, पोलिसांत जाऊ, असं ह्यांनी त्याला सुनावलं.

अशा फसवणुकी रोज कानावर येतात. मी लिहितेय ते पुढच्या प्रकारासाठी.

दुसऱ्याच दिवशी ‘वकीलसाहेबां’चा फोन आला. आवाज शांत, भाषा अदबीची. ‘तुम्ही माझ्या अशिलाचं बोलणं परवानगीशिवाय रेकॉर्ड केलंत. दूरसंचार कायदा २०२३, कलम ४२. तीन वर्षं कैद, दोन कोटींपर्यंत दंड.’ पाठोपाठ व्हॉट्सॲपवर नोटीस आली, वर अशोकस्तंभ. रेकॉर्डिंग डिलीट करा, त्याचा स्क्रीनशॉट पाठवा आणि १५,००० रुपये भरा, मॅटर इथेच मिटवतो, असं ठरलं. ह्यांना रक्तदाबाचा त्रास. निवृत्तीनंतर कोर्टाची पायरी चढायची या कल्पनेनेच ते हादरले. पैसे गेले आणि पुरावाही गेला.

हे कलम खोटं नाही, म्हणूनच माणूस घाबरतो. पण ते आहे दुसऱ्यांचं बोलणं बेकायदा मधेच ऐकणाऱ्यासाठी, दूरसंचार जाळ्यात घुसणाऱ्यासाठी. आपण स्वतः ज्या फोनवर बोलतोय तो कॉल आपल्यासाठी रेकॉर्ड करणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्येच आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात हे मान्य केलं होतं. मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितली. त्या डॉक्टरच्या संमतीने लाचलुचपत विभागाने फोनवरचं बोलणं टेप केलं, आणि ते पुरावा म्हणून चाललं. १४ जुलै २०२५ला तर नवरा-बायकोमधलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंगसुद्धा घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून वापरता येईल, असं त्याच न्यायालयाने सांगितलं.

आता कुणी म्हणेल, मग ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू का? अजिबात नको. पुराव्यासाठी जपणं वेगळं आणि गावभर फिरवणं वेगळं. त्यातून बदनामीचा दावा उलट आपल्यावर येऊ शकतो. आणि नवऱ्याच्या, सुनेच्या किंवा भाडेकरूच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकून त्यांचं तिसऱ्याशी चाललेलं बोलणं ऐकणं याला वरचं काहीही लागू होत नाही. तिथे खरोखरच गुन्हा होऊ शकतो.

पुढे ओळखीतल्या एका खऱ्या वकीलबाईंना भेटलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘मूळ फोन कुठाय?’ कोर्टात रेकॉर्डिंगची प्रत द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र सोबत लागतं. जुन्या कायद्यात हेच ६५ब होतं, आणि जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते सक्तीचं ठरवलं. म्हणून फोन विकू नका, फॉरमॅट करू नका, रेकॉर्डिंग कापून ‘महत्त्वाचं तेवढंच’ ठेवू नका. आणखी एक गोष्ट त्यांनी बजावली. दंड कोर्ट ठोठावतं, समोरच्याचा वकील यूपीआयवर दंड घेत नाही. कुणी वकील म्हणून धमकावू लागला तर त्याचा सनद क्रमांक मागा आणि महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे चौकशी करा. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी खात्यातली रक्कम पुढे सरकत जाते.

ह्यांनी डिलीट करण्याआधी त्यातला एक कॉल मुलीला पाठवला होता, तेवढाच हाती आहे. तो, नोटिशीचा फोटो आणि दोन्ही व्यवहारांचे तपशील जोडून आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे. धमकी देऊन उकळलेल्या १५,००० रुपयांसाठी खंडणीचं कलमही लावा, अशी लेखी मागणी केली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत.