फेल्टच्या तळव्याचे बूटकव्हर: आठ महिने वापरून झाल्यावर

धनुष्यबाणाने शिकार करायची तर जनावराच्या २०-३० मीटरपर्यंत जाता आलं पाहिजे, आणि माझे जाड सोलचे बूट पन्नास मीटरवरच घात करायचे, म्हणून हे बुटावर चढवायचे, फेल्टच्या (दाबून केलेल्या जाड मऊ कापडाच्या) तळव्याचे कव्हर घेतले. अख्खा सीझन यांच्यावर काढला.

एक सांगतो, आवाज पूर्ण बंद वगैरे काही होत नाही. कडक वाळलेल्या पाचोळ्यावर काहीही घाला, करकर होणारच. पाऊस पडून गेल्यावर मात्र स्वतःलाच स्वतःचं पाऊल ऐकू येत नाही. पण खरा फायदा मला दोन महिन्यांनी कळला. कंपनी म्हणते बुटावर चढवा, मी शेवटच्या शंभरेक मीटरला बूट काढतो आणि जाड लोकरी मोज्यांवर नुसतं कव्हर घालतो. मग पायाला सगळं कळतं, आधी बाहेरची कड टेकवायची, हळूच पाऊल आत वळवायचं, खाली काडी लागली की वजन न टाकता पाय मागे. बुटात काडी मोडल्यावरच कळायचं. (एकदा काढून ठेवलेले बूटच सापडेनात, पाऊण तास शोधत होतो. आता झाडाला रंगीत फीत बांधतो.)

पट्टा वेल्क्रोचा का दिलाय देव जाणे! हरणाचा एक नर चरत होता, मान खाली गेली की मी एक पाऊल टाकायचो, शेपटी हलली की जागीच थांबायचो कारण त्यानंतर बहुतेक वेळा मान वर येते, असं करत करत पस्तीस मीटरवर आलो. पट्टा सैल झाला होता म्हणून घट्ट करायला गेलो आणि चर्रर्र. आधी त्याचा एक कान वळला, मग दुसरा, मग नुसती झुडपं हलताना दिसली. त्याच रात्री वेल्क्रो उसवून बटणं लावली.

ओले झाले की जड होतात, ओल्या खडकावर घसरतात, कुसळं तर इतकी चिकटतात की विचारू नका.

आणि वारा पाठीवरून असेल तर हे कव्हर घालून काही उपयोग नाही, वास आधी पोचतो. सकाळी ऊन तापलं की उतारावरची हवा वर चढते, संध्याकाळी खाली उतरते, त्यामुळे पावडरची बाटली दर थोड्या वेळाने दाबून पावडर कुठल्या दिशेला उडते ते बघतो. धनुष्याच्या दोरीलाही सायलेन्सर लावा, तीस मीटरवर दोरीचा आवाज ०.१ सेकंदाच्या आत पोचतो आणि बाणाला त्याच्या तिप्पट-चौपट वेळ लागतो, तेवढ्यात हरीण खाली दबून निसटतं.

पाचपैकी साडेतीन. डाव्या अंगठ्यापाशी शिवण उसवली होती, दाभणाने टाके घातलेत, पुढचा सीझन निघेल.