शॉर्ट शिफ्टरचं बिल भरलं, आत निघाला कापलेला लिव्हर

ज्यांच्याकडे मॅन्युअल गिअरबॉक्सची परफॉर्मन्स गाडी आहे आणि गिअर टाकताना हाताला जी मजा यायला हवी ती येत नाहीये, त्यांनी कोणालाही 'शिफ्टर पॅकेज'चे पैसे देण्याआधी हे पूर्ण वाचा. माझ्याकडून अशा पॅकेजचं पूर्ण बिल घेतलं गेलं आणि गाडीत त्यातली एकच वस्तू खरी बसवली होती, ती म्हणजे गिअर नॉब. वर्कशॉपचं नाव लिहित नाही, कारण ही पद्धत एका ठिकाणापुरती नाही आणि मला ती पद्धतच सांगायचीय.

माझी गाडी केबल शिफ्टवाली आहे, म्हणजे इंजिन आडवं, गिअरबॉक्स बाजूला, आणि लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दोन केबल जातात. एक केबल लिव्हर डावी-उजवीकडे नेल्यावर गेट (गिअरची रांग) निवडते, दुसरी पुढे-मागे करून गिअर टाकते. माझदा एमएक्स-५ किंवा होंडा एस२००० मध्ये लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसतो, म्हणून त्यांचा फील तसा घट्ट असतो, मध्ये सांधेच कमी. केबलवाल्या गाडीत मात्र प्रत्येक सांध्यावर बुश (सांध्यात बसणारी छोटी नळी) असतो, खाली बेसला रबर, केबलच्या टोकांना रबर किंवा प्लास्टिक, आणि वय झालं की त्या प्रत्येकात थोडा थोडा प्ले (ढिलेपणा) येतो आणि सगळा मिळून हाताला कळतो. माझा लिव्हर गिअरमध्ये असतानाही डावी-उजवीकडे हलायचा, सिग्नलला उभं असताना पहिला आणि रिव्हर्स जोर लावल्याशिवाय पडायचा नाही, आणि सकाळी गाडी थंड असताना दुसरा तर हमखास अडकायचा.

वर्कशॉपने सगळं ऐकून घेतलं आणि पॅकेज सांगितलं: शॉर्ट शिफ्टर (ज्यामुळे गिअर टाकताना नॉब कमी हलवावा लागतो), पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) बेस बुश, केबल टोकांना पितळी बुश, परफॉर्मन्स गिअर ऑइल आणि वजनदार नॉब. ऐकायला सगळं बरोबर आहे, या पाचही गोष्टी खऱ्या असतात आणि नीट बसवल्या तर फरक पडतोच. काउंटरवर खोके दाखवले, सील उघडून पार्ट हातात दिले, मीही ते बघितले. गाडी सकाळी थंड इंजिनवर सोडली होती आणि संध्याकाळी मिळाली ती त्यांनी 'सेटिंग चेक करायला' फिरवून गरम केलेली. बसलो, गिअर टाकला, आणि खरंच काय तो फरक, सटासट पडत होते सगळे. त्या क्षणी कोणीही बिल भरेल.

आता हा फरक कुठून आला ते सांगतो, कारण सगळी लबाडी इथेच आहे. थंड गिअर ऑइल घट्ट असतं. गिअर पडताना सिंक्रोची रिंग गिअरच्या कोनवर घासून दोघांचा वेग सारखा करते, पण त्याआधी तिला मधला तेलाचा थर कापावा लागतो, तेल घट्ट असेल तर वेळ जास्त लागतो आणि हाताला अडकल्यासारखं वाटतं. गरम झालं की तीच गाडी, तोच गिअरबॉक्स, काहीही न बदलता मऊ वाटतो. त्यात वरून वजनदार नॉब. साधा नॉब हलका असतो, हे जड नॉब काही काही अर्धा किलो भरतात, आणि एकदा हात चालू झाला की ते वजनच लिव्हरला पुढे ओढून नेतं, मधले छोटे अडथळे हाताला कळतच नाहीत. म्हणजे थंड गाडी हलक्या नॉबवर आणि गरम गाडी जड नॉबवर अशी तुलना माझ्याकडून करून घेतली. फील ही गोष्ट मोजता येत नाही असं आपण धरून चालतो ना, त्याचाच हे लोक फायदा घेतात.

नॉब पूर्वीपेक्षा खाली आला होता, ते मी विचारलंही, तर म्हणे शॉर्ट शिफ्टरमध्ये असंच असतं. अर्धं खरं आहे ते, म्हणून पचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत दुसरा गिअर परत अडकला, आणि काही दिवसांत वरच्या आरपीएमला दुसऱ्यात टाकताना कर्रर्र आवाज यायला लागला, जो आधी कधीच नव्हता. परत गेलो तर वर्कशॉपने गाडीखाली न बघता, लिव्हर दोनदा हलवून सांगून टाकलं की सिंक्रो गेलाय, गिअरबॉक्स उतरवून उघडावा लागेल, शॉर्ट शिफ्टर बसवल्यावर जुने सिंक्रो असे उघडे पडतातच. आणि त्याचा अंदाज पॅकेजच्या कित्येक पट. हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण पहिल्या बिलात फसवणं हे एक झालं, पण त्याच फसवणुकीत न तपासता तसाच ठेवलेला बिघाड दाखवून दुसरं मोठं काम काढायचं याला काय म्हणायचं.

गाडी तिथून काढली आणि एका वयस्कर मेकॅनिककडे नेली. त्यांनी कशालाही हात लावायच्या आधी इंजिन बंद ठेवून क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघायला सांगितले. सगळे व्यवस्थित पडले. मग इंजिन चालू करून तेच, तर पहिला जड, आणि क्लच दाबून काही सेकंद थांबून रिव्हर्स टाकला तर करकरला. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे क्लच पूर्ण सुटत नसेल तर तो तिथे लगेच चुगली करतो. काका म्हणाले, "सिंक्रोचं नंतर बघू, आधी तुमचा क्लचच सुटत नाहीये." पेडल जवळजवळ तळाला गेल्यावर क्लच सुटत होता, स्लेव्ह सिलिंडरचा (पेडलकडून आलेल्या फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा भाग) रबर बूट ओला होता आणि फ्लुइड काळं पडलेलं. क्लच अर्धवट ओढत असेल तर सिंक्रोला बिचाऱ्याला इंजिनकडून फिरत राहिलेली शाफ्टही थांबवावी लागते, म्हणून जोरात शिफ्ट केलं की करकर. हे लक्षण मी पहिल्या दिवशीच त्या वर्कशॉपला सांगितलं होतं, सिग्नलला पहिला आणि रिव्हर्स पडत नाही म्हणून, आणि नुसत्या त्या वाक्यावरून कोणाही जाणकाराने आधी क्लच तपासला असता.

मग काकांनी बाकीचं बघायला कन्सोल (लिव्हरभोवतीचं कव्हर) उघडला आणि एक एक करून निघायला लागलं.

आधी बेसचे बुश. वरून बघितलं तर लालभडक, पॉलियुरेथेनचे असतात तसेच. काकांनी एकाच्या कडेला नखाने खरवडलं तर लाल रंगाची पापडी निघाली आणि खाली काळं रबर, तेही बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत तडकलेलं. चारही तसेच. माझेच जुने बुश बाहेर काढून, पुसून, स्प्रे मारून परत बसवले होते, एका बुशवर रंगाचा ओघळ सुकलेला होता तो खाली बेसच्या पत्र्यालाही लागला होता, म्हणजे पूर्ण वाळायचीसुद्धा वाट बघितली नव्हती. मी तो ओघळ बघतच बसलो.

केबलच्या टोकांना ग्रीस इतकं थापलं होतं की आतलं काही दिसू नये. पुसल्यावर पितळ वगैरे काही नाही, कंपनीचेच पिवळे पडलेले प्लास्टिक बुश, बॉल पिनवर बोटाने हलवले की खडखड हलणारे. डावी-उजवीकडचा जो प्ले मला हाताला लागायचा तो मुख्यतः इथला होता.

आणि लिव्हर. लिव्हरच्या बूटची (खालच्या आवरणाची) कॉलर वर सरकवली तर नॉबच्या खाली दांड्याला करवतीच्या खुणा, वरचा भाग कापून टाकून डायने नवीन आटे पाडलेले, तेही तिरके, आणि त्या जागेवर प्लेटिंग नाही म्हणून गंज धरायला लागलेला. ज्या शॉर्ट शिफ्टरचं बिल लावलं तो गाडीत नव्हताच. माझाच लिव्हर वरून छाटला होता.

कोणी म्हणेल थ्रो (नॉबचा प्रवास) तर कमी झाला ना, मग काय बिघडलं. लिव्हर म्हणजे तरफ, पिव्हटच्या (ज्या बिंदूवर तो फिरतो त्याच्या) वरची लांबी भागिले खालची लांबी एवढाच हिशोब. समजा वर २०० मिमी आहे आणि खाली ५० मिमी, म्हणजे ४:१. केबलला २० मिमी सरकवायचं तर नॉब ८० मिमी हलवावा लागतो. वरून ४० मिमी कापला तर १६० राहिला, रेशो ३.२:१, नॉबचा प्रवास ६४ मिमी, म्हणजे २० टक्के कमी, पण जोर २५ टक्के जास्त. खऱ्या किटमध्ये खालची बाजू वाढवून तोच रेशो मिळवतात, ६२.५ मिमी केली की झालं, जोर तिथेही वाढतोच, फुकट काही मिळत नाही. पण तिथे नॉब आपल्या हाताच्या उंचीवर राहतो, दांडा मूळ ताकदीचा राहतो, आणि मुख्य म्हणजे वाटलं तर काढून जुना लिव्हर परत बसवता येतो. कापलेला लिव्हर कुठून परत आणणार? जुने पार्ट मी मागितले होते तेव्हा 'ते स्क्रॅपमध्ये गेले' असं उत्तर मिळालं होतं, ते का हे आता कळलं, स्क्रॅपमध्ये टाकायला जुना पार्टच नव्हता, सगळे गाडीतच होते.

ऑइलही बदललं नव्हतं. फिलर प्लगवर वाळलेला चिखल तसाच, ड्रेन प्लगचं वॉशर जुनं दाबलेलं, आणि काढलं तर काळपट ऑइल आलं. एका परीने सुटलो म्हणायचं, कारण बिलावर जीएल-५ (गिअर ऑइलचा एक वर्ग) लिहिलेलं होतं आणि माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जीएल-४ आहे. जीएल-५ मध्ये जास्त दाबासाठीचे गंधक-फॉस्फरसवाले अॅडिटिव्ह जास्त असतात, डिफरन्शियलच्या गिअरला ते हवेत, पण पितळी सिंक्रोला सगळेच मानवतील असं नाही, आणि सिंक्रोला घासून पकडायचंय हे विसरून जास्त निसरडं ऑइल टाकलं तर गिअर उलट उशिरा पडतो. 'वरचा नंबर म्हणजे वरची क्वालिटी' असं सांगून ते विकतात. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाका, दोन्ही स्पेसिफिकेशन पूर्ण करतं असं डब्यावर लिहिलेलं असलं तरी आधी गिअरबॉक्स बनवणारा काय म्हणतो ते बघा.

काकांनी स्लेव्ह सिलिंडर बदलून क्लच ब्लीड केला (लाइनमधली हवा काढली), केबलच्या टोकांना आणि बेसला नवीन बुश टाकले, मॅन्युअलप्रमाणे ऑइल भरलं. गिअरबॉक्स उतरवला नाही, उघडला नाही. दुसऱ्याची करकर गेली, थंड गाडीत दुसरा थोडा जड असतो तेवढा असतो, पण पडतो. लिव्हर गिअरमध्ये टाकला की जागेवर बसतो, हातात हलत नाही. मला जो फील हवा होता त्यातला बहुतेक भाग या साध्या कामातूनच आला, शॉर्ट शिफ्टरची गरजच नव्हती.

तुम्ही असं काम करायला देणार असाल तर गाडी सोडायच्या आधी सकाळी, थंड असतानाच, नॉबच्या मध्यापासून तिसरा ते चौथा किती अंतर आहे ते पट्टीने मोजून फोटो काढा, लिव्हरची उंचीही मोजा. बूट वर करून बुशचे, दांड्याचे फोटो घ्या, बुशवर आतल्या बाजूला मार्करने खूण करा, फिलर आणि ड्रेन प्लगवर पण एक रेघ ओढा. पार्टचे खोके दाखवतात ते पुरेसं नाही, बसवताना समोर उभं राहू द्या किंवा बसवल्यावर कन्सोल बंद करायच्या आधी बोलवा असं सांगा. 'इन्शुरन्समुळे आत येता येत नाही' म्हणाले तर निदान बंद करायच्या आधीचा व्हिडिओ आणि जुने पार्ट मागा. गाडी ताब्यात घेताना जुना नॉब परत लावून चालवून बघा, आणि शक्य असेल तर गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी थंड घ्या. बेसला आणि केबलला खरंच कडक बुश बसवले तर लिव्हरमधून थोडी थरथर आणि गिअरबॉक्सचा आवाज वाढतोच, काहीच वाढलं नाही तर उघडून बघाच. केबलवाल्या गाड्यांत गिअरबॉक्सच्या सिलेक्टर आर्मवर (केबल जिथे जोडलेली असते त्या दांड्यावर) एक वजन असतं बऱ्याचदा, ते काढून टाकून 'हलका, रेसिंग शिफ्ट' म्हणून विकण्याचा प्रकारही आहे, ते वजन शिफ्ट मऊ व्हावा म्हणूनच दिलेलं असतं, ते जागेवर आहे का तेही बघून घ्या.

आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघणं हे तर कुठेही जायच्या आधी घरीच करा. बंद असताना सहज आणि चालू असताना जड म्हणजे क्लच. दोन्हीकडे जड असेल तर केबल, लिंकेज किंवा आतलं काम.

वर्कशॉपकडे सगळे फोटो आणि बिल घेऊन गेलो होतो. आधी म्हणाले दुसऱ्या मेकॅनिकने बुश बदलले असतील, मग रंगाचा ओघळ बेसच्या पत्र्यावर दाखवला आणि तोच लाल स्प्रे त्यांच्याच रॅकवर होता, तेव्हा आवाज खाली आला. मजुरी परत केली, पार्टचे पैसे 'सप्लायरशी बोलून' देतो म्हणाले ते अजून बोलतायत. लेखी तक्रार दिलीय, पोच घेतलीय, कापलेला लिव्हर आणि रंगवलेले बुश पिशवीत घालून माझ्याकडेच ठेवलेत, आणि मूळ लांबीचा लिव्हर मागवलाय.