चिपळूणमध्ये कागदी शेअर डिमॅट करून घेतले, त्या ऑफिसचा रिव्ह्यू (5 पैकी 4)

सरळच सांगतो, घरात जुनी शेअर सर्टिफिकेटं पडून असतील, ती डिमॅट (म्हणजे कागदाऐवजी खात्यात इलेक्ट्रॉनिक नोंद) करायची असतील आणि तुम्ही चिपळूण, खेड, गुहागर साइडला राहत असाल तर त्यासाठी मुंबई गाठायची काहीएक गरज नाही. बाजारपेठेत एका मोठ्या ब्रोकरची फ्रँचायजी आहे पहिल्या मजल्यावर, तिथं आईचं सगळं काम झालं. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खाली थोडी तक्रारपण आहे आणि चालवणारी माणसं आपल्या गावचीच आहेत, उद्या रस्त्यात भेटणार.

आमचं प्रकरण तसं कोकणातल्या बऱ्याच घरांत असेल तसंच. वडील मुंबईला गोदीत होते, तेव्हा ऑफिसात पब्लिक इश्यूचे फॉर्म फिरायचे, ते भरायचे, लागले तर लागले. बहुतेक कागद वडील पहिले आणि आई दुसरी असे, दोन फोलिओ (म्हणजे कंपनीकडची शेअरहोल्डरची खाती) नुसते आईच्या नावावर. 2021 च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून पाण्यातनं वाचली, पण दमट हवेनं खालच्या कागदांना कसर लागायची ती लागलीच. आता 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर ट्रान्सफर होत नाहीत, म्हणजे विकायचे तर आधी डिमॅट करायलाच लागतात. वारसाच्या नावावर करणं किंवा मयत माणसाचं नाव कमी करणं हे मात्र कागदावरून अजून होतं.

या ऑफिसला मी चार स्टार देतोय ते काउंटरवरच्या ताईंमुळे. दुसरीकडे विचारलं तर "खातं उघडा, फॉर्म भरा, पाठवून देऊ" एवढंच. या ताईंनी आधी सगळी सर्टिफिकेटं टेबलावर पसरली, फोलिओ नंबर, सर्टिफिकेट नंबर, डिस्टिंक्टिव्ह नंबर (प्रत्येक शेअरचा स्वतःचा असतो तो) कुठून कुठपर्यंत ते वहीत उतरवलं, मग प्रत्येक कागद उलटा करून मागचे ट्रान्सफरचे शिक्के वाचले. कसर लागलेला एक कागद खिडकीशी धरून नंबर वाचता येतोय का बघितलं, येत होता, म्हणाल्या हा चालेल, नंबरच गेला असता तर डुप्लिकेटची वेगळी भानगड करावी लागली असती. एका सर्टिफिकेटवर आईच्या नावाआधी 'सौ.' नावाचाच भाग असल्यासारखं छापलेलं आणि पुढे वडिलांचं फक्त आद्याक्षर, पॅनवर मात्र पूर्ण नाव. हे त्यांनी लगेच बाजूला काढलं, त्याला अ‍ॅफिडेव्हिट जोडलं. नाहीतर तो अर्ज जाऊन ऑब्जेक्शन लागून परत आला असता, आणि तोपर्यंत आपण इकडे झालं असेल, झालं असेल करत बसतो.

टिस्को असं छापलेला एक कागद होता, मला वाटलेलं कंपनी गेली बुडीत. ती टाटा स्टील आहे, नाव 2005 मध्ये बदललं, आणि 2022 मध्ये 10 रुपयांच्या एका शेअरचे 1 रुपयाचे दहा झालेत. म्हणजे कागदावरचा आकडा बघून हिशोब करू नका, फोलिओ नंबर देऊन कंपनीच्या रजिस्ट्रारला (शेअरहोल्डरांच्या नोंदी ठेवणारी संस्था) विचारा तुमच्या नावावर आज किती आहेत ते. रजिस्ट्रार कोण हे कंपनीच्या वेबसाइटवर इन्व्हेस्टर सेक्शनमध्ये असतं, आमचे काही कागद हैदराबादला केफिनटेककडे गेले, काही विक्रोळीला एमयूएफजी इनटाइमकडे, म्हणजे आधीचं लिंक इनटाइम.

खरा ताप झाला बँकेत. जुन्या फोलिओला पॅन, बँक खातं, नॉमिनी काही जोडलेलं नसतं, तर आयएसआर-1 फॉर्मनं केवायसी, एसएच-13 नं नॉमिनी आणि आयएसआर-2 वर सही बँकेकडून अटेस्ट करून आणायची. आईची सही तीस वर्षांपूर्वीची वेगळी, आता हात कापतो. हा आयएसआर-2 नेमका त्यासाठीच असतो, जुनी सही जुळत नाही तर बँक सांगते की ही बाई हीच आणि सही तिचीच. पण बँकेतले साहेब (कुठली बँक ते राहू दे) फॉर्म हातात न घेताच "आम्ही असल्यावर सह्या करत नाही" म्हणाले, त्यात त्यांचं नाव, एम्प्लॉयी कोड आणि शिक्का लागतो ना, म्हणून घाबरतात. शेवटी ताईंनीच फोन लावून त्यांना समजावलं, हे काही त्यांचं काम नव्हतं. आईला म्हणाल्या, "आजी, सुंदर अक्षरात नको, पासबुकावर करता तशीच करा."

वडिलांचं नाव कमी करायचे कागद मृत्यूच्या दाखल्यासकट रजिस्ट्रारकडे गेले, आणि आमच्या वेळी नवीन सर्टिफिकेट छापून न येता लेटर ऑफ कन्फर्मेशन, म्हणजे बदल झाल्याचं पत्र, आलं. हे पत्र आलं की नीट ठेवून द्यायचं नव्हतं बरं का! त्याच्या तारखेपासून 120 दिवसांत डीआरएफ म्हणजे डिमॅटच्या अर्जासोबत द्यावं लागायचं, नाहीतर शेअर कंपनीच्या सस्पेन्स एस्क्रो खात्यात जायचे आणि तिथून परत मागत बसायचं. आमच्या पोस्टात पावसाळ्यात काय होतं माहितीये तुम्हाला, पोस्टमनला सांगूनच ठेवा. डिमॅट खातंही ज्या नावांनी शेअर आहेत त्याच नावांनी पाहिजे, आईचं एकटीचं उघडलं, माझं नाव जोडायचा आग्रह धरणारे नातेवाईक भेटतीलच, त्यांचं ऐकू नका, नॉमिनी टाका.

नुसत्या आईच्या नावावरचे दोन फोलिओ होते ते तिथल्या तिथे डीआरएफ भरून दिले. ताईंनी त्यावर 'सरेंडर्ड फॉर डिमटेरियलायझेशन' असा शिक्का मारला आणि पंचिंग मशीननं बरोबर कंपनीच्या नावावर भोकं पाडली, आई एकदम "अगं बाई!" करून उठलीच खुर्चीतून. तसंच करायचं असतं, म्हणजे तो कागद परत कुठे वापरता येत नाही. त्याआधी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढून घ्या आणि डीआरएन, म्हणजे त्या डिमॅट अर्जाचा नंबर, मागून घ्या.

चार्ज म्हणाल तर सर्टिफिकेटमागे किरकोळ आणि कुरिअरचे वेगळे, पावती मिळते. याच्या उलट एक एजंट घरी येऊन गेला, एका कंपनीचे शेअर आयईपीएफमध्ये गेलेत म्हणाला, सोडवून आणतो, जे मिळेल त्याचा चौथा हिस्सा माझा. सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर शेअर खरंच सरकारच्या त्या फंडात जातात, तेवढं तो खरं बोलला. पण आयईपीएफ-5 फॉर्म ऑनलाइन भरायला फी नाही, प्रिंट आणि इंडेम्निटी बाँड कंपनीच्या नोडल ऑफिसरकडे पाठवायचा, खर्च स्टॅम्पपेपरचा. वेळ लागतो हे खरं, आमचं ते एक अजून अडकलंय, पण चौथा हिस्सा कशाबद्दल?

एक स्टार कापला तो याचा की एकदा कागद गेले की ऑफिसकडून स्वतःहून काही कळत नाही, आपणच फोन करायचा, आणि दुपारी एक ते तीन शटर अर्धं खाली. वयस्कर माणसाला घेऊन जाणार असाल तर जिना उभा आहे, आधी फोन करा, सह्या घ्यायला मुलगा खाली येतो.