सुपर ८ कॅमेरा घेताय? आधी प्रोजेक्टर बघा

कॅनन ऑटो झूम ८१४ इलेक्ट्रॉनिक हा सत्तरच्या दशकातला सुपर ८ कॅमेरा (म्हणजे ८ मिमी फिल्मवर घरगुती सिनेमा काढणारा) वापरून मला आता वर्ष होत आलं. इथे न्यू जर्सीत घरचा गणपती, लेकीचा वाढदिवस, आई-बाबांचा मुक्काम, सगळं त्यावरच काढलं.

कॅमेरा दणकट. ७.५ ते ६० मिमी झूम, एफ १.४ची लेन्स. मोटर पेन्सिल सेलवर चालते. लाइट मीटरला लागणारे पाऱ्याचे सेल आता बनत नाहीत, म्हणून मी कानाच्या मशीनचे झिंक-एअर सेल बसवतो. काम भागतं, फक्त ते काही महिन्यांत उतरतात. आतला नारिंगी फिल्टर बाजूला झालाय ना, तेवढं तपासा. कोडाक्रोम ४० ही दिव्याच्या उजेडाची फिल्म उन्हात वापरता यावी म्हणून तो असायचा, आणि २०१८ साली परत आलेली एक्टाक्रोम १००डी ही उन्हाची फिल्म. संध्याकाळी घरात ती वापरलीत तर काळोखच दिसेल.

कार्ट्रिज ५० फुटांचं. सेकंदाला १८ फ्रेमने ३ मिनिटं २० सेकंद. फिल्म, धुलाई, स्कॅन धरून खर्च शंभर डॉलरच्या घरात जातो, त्यामुळे बटण दाबताना हात आखडतोच.

आणि आवाज नाही! हे आईला पटेचना. मोदकाच्या कळ्या कशा पाडायच्या ते ती खिडकीपाशी बसून साग्रसंगीत सांगत राहिली. भिंतीवर बघताना शब्द एक नाही, पण बोटं दिसली: अंगठा आत, दोन बोटं बाहेर, चिमूट, पारी फिरवली, पुन्हा चिमूट. माझ्या फोनमध्ये तिचे ढीगभर व्हिडिओ आहेत; त्यांत मी बोटांकडे कधी बघितलंच नव्हतं. बाबा मात्र फोटो काढतोय समजून ताठ उभे.

माझं मत स्पष्ट आहे. फक्त स्कॅन करून फोनवर बघणार असाल, तर एखादा फिल्टरवाला अॅप घ्या आणि पैसे वाचवा. खरी गंमत अंधाऱ्या खोलीत, खडखडणाऱ्या प्रोजेक्टरवर, आणि त्यासाठी एक्टाक्रोम किंवा ट्राय-एक्ससारखी रिव्हर्सल, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ चित्र देणारी, फिल्मच हवी; निगेटिव्ह भिंतीवर उलट्या रंगांत दिसते. माझ्या प्रोजेक्टरचा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता, नवा सहज मिळाला. घेताना दिवा मिळतो का, तेही विचारून ठेवा.

भारतात नेणार असाल तर विमानतळावर फिल्म हाताने तपासायला सांगा. नवे सीटी स्कॅनर ती खराब करतात.