जुन्या छोट्या ट्रॅक्टरला अल्टरनेटर बसवला : एका हंगामाच्या वापरानंतरचा अनुभव

ठाणे जिल्ह्यात पडघ्याजवळ आमची भातशेती आहे आणि तिच्यासाठी 18 अश्वशक्तीचा जुना डिझेल ट्रॅक्टर आहे. गेल्या मे महिन्यात त्याचा बॅटरी चार्ज करणारा चुंबकाचा मूळ डायनॅमो काढून त्याजागी त्याच कामाचा पण जास्त वीज देणारा, 12 व्होल्ट, 35 अँपिअरचा, आतच रेग्युलेटर (व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) असलेला अल्टरनेटर बसवून घेतला. चिखलणीपासून झोडणीपर्यंतचा पूर्ण हंगाम आणि त्यानंतरचा हिवाळा त्यावर काढल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

तक्रार नेहमीचीच होती. सकाळी सेल्फ मारला की इंजिन जेमतेम फिरायचे. डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर चालू राहण्यासाठी जवळजवळ वीज लागतच नाही, त्यामुळे चार्जिंग कमी पडत असले तरी दिवसभर काही जाणवत नाही आणि सगळा दोष दुसऱ्या दिवशी बॅटरीच्या माथी येतो. एका गॅरेजमध्ये बॅटरी बदलण्याचाच सल्ला मिळाला. परंतु तीच बॅटरी बाहेर पूर्ण चार्ज करून रात्रभर ठेवली, तर सकाळी 12.6 व्होल्ट दाखवत होती आणि सेल्फ मारताना 10 च्या खाली उतरत नव्हती. म्हणजे बॅटरी धडधाकट होती.

त्यानंतर मल्टिमीटर घेऊन वायरींच्या मागे लागलो, आणि या कामातला सर्वांत मोलाचा भाग मला हाच वाटतो. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडावर ठेवले, तेव्हा 0.4 व्होल्ट दिसले, तिथे 0.1 च्या आसपास, फार तर 0.2 असायला हवेत. बॅटरीचा निगेटिव्ह खांब ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणारी अर्थची (अर्थिंगची) विणलेली पट्टी वरून चांगली दिसत होती. तिच्या टोकाच्या लगचे (भोक असलेल्या धातूच्या टोकाचे) नट काढून ती किंचित वाकवली, तर आतून हिरवी भुकटी गळाली आणि तांब्याचे केस एकेक करून हातात आले. पट्टी नवी घातली, खालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातूवर ती कसली आणि वरून व्हॅसलीन लावले. पॉझिटिव्ह बाजूच्या वायरीचे जुने थिंबलही (टोकाला दाबून बसवलेली धातूची जोडणी) बदलले. एवढ्यानेच दिवे बंद असताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट येऊ लागले.

डायनॅमोच्या दोन्ही वायरी सोडवून त्यांच्यामध्ये एसी व्होल्टेज मोजले, तर मध्यम गतीला 20 च्या वर होते. डायनॅमो ठीक, कटआऊटही (डायनॅमोची एसी वीज डीसी करून बॅटरीला देणारा डबा) ठीक. अडचण गरजेची होती. चिखलणीच्या दिवसांत ठाण्यातली नोकरी आटोपून शेतावर पोहोचेपर्यंत अंधार पडतो, म्हणून पुढच्या दोन दिव्यांशिवाय मागे 55 वॅटचा दिवा लावलेला आहे. सगळे मिळून 11 ते 12 अँपिअर तिथेच जातात. चुंबकाचा हा छोटा डायनॅमो पूर्ण गतीला जेमतेम तेवढा देतो आणि खाचरात कमी गतीला त्याहूनही कमी, त्यामुळे दिवे लावताच बॅटरीवरचा आकडा 12.4 पर्यंत घसरत असे.

अल्टरनेटर आकाराने मोठा असल्याने भिवंडीतील वेल्डरकडून 8 मिलिमीटरच्या पट्टीचा नवा ब्रॅकेट करून घ्यावा लागला. पुली सरळ पट्टी लावून एका रेषेत आणणे महत्त्वाचे आहे. थोडा जरी तिरकेपणा राहिला, तरी बेल्ट कडेने झिजतो. बॅटरीपर्यंतची मुख्य वायर 10 चौरस मिलिमीटरची घेतली व बॅटरीजवळ फ्यूज बसवला. जुन्या पातळ वायरीवर नवा अल्टरनेटर जोडणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे, हे मी ठामपणे सांगेन. डॅशवरच्या जुन्या अँपिअर मीटरमधून एवढा प्रवाह नेणे धोक्याचे, म्हणून तो वगळून व्होल्टमीटर लावला. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: चार्जिंग लाइटच्या बल्बमधून जाणारा थोडा प्रवाहच अल्टरनेटरला सुरुवातीचे चुंबकत्व देतो. तो बल्ब गेला किंवा त्याजागी एलईडी लावला, तर कमी गतीला चार्जिंग सुरूच होत नाही, आणि मग चांगला अल्टरनेटर खराब समजून उघडला जातो. मी तिथे साधा 3 वॅटचा बल्बच ठेवला आहे.

आता सर्व दिवे लावून खाचरात काम करताना बॅटरीवर 14.1 ते 14.2 व्होल्ट राहतात आणि आयडलवरही 13.5 च्या खाली जात नाहीत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हीटर (थंड इंजिन सुरू करण्याआधी तापवणारा ग्लो प्लग) वापरून पहिल्याच सेल्फला इंजिन लागले, ही गोष्ट आमच्याकडे कित्येक वर्षांत झाली नव्हती. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालण्याचे प्रमाण वाढलेले नाही, म्हणजे रेग्युलेटर जास्त चार्ज करत नाही.

काही त्रासही आहे. डायनॅमोला बेल्ट ओढायला जोर लागत नसे. अल्टरनेटर मात्र सेल्फनंतर बॅटरी भरेपर्यंत चांगलाच भार टाकतो, आणि पावसात ओला बेल्ट त्या वेळी किंचाळतो. अंगठ्याने दाबल्यावर साधारण 10 मिलिमीटर दबेल इतका ताण ठेवावा लागतो आणि हंगामात तो पुन्हा तपासावा लागतो. अल्टरनेटरचा पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे केजव्हीलने (चिखलणीसाठी लावलेल्या लोखंडी जाळीच्या चाकाने) उडवलेला चिखल आत जाऊ नये म्हणून खालून पत्र्याची ढाल लावली आहे, पण मागची हवेची वाट मोकळी ठेवली आहे. झोडणीच्या काळात तिथे भाताचे तूस अडकते. ते ब्रशने काढावे, प्रेशरच्या पाण्याने मुळीच नव्हे. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासण्याची जुनी सवयही सोडावी लागेल, कारण त्या झटक्याने अल्टरनेटरमधले, एसीचे डीसी करणारे डायोड जातात.

ज्यांचे काम फक्त दिवसा चालते, त्यांना हा बदल करण्याची गरज मला वाटत नाही. अर्थची पट्टी, थिंबल आणि गरज पडल्यास कटआऊट बदलले, तर चुंबकाचा डायनॅमो त्यांना आणखी बरीच वर्षे पुरेल. त्यात अल्टरनेटरसारखे कार्बन (फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) झिजण्याची भानगड नाही आणि चिखलपाण्याचीही त्याला फारशी बाधा होत नाही. आमचा काढलेला डायनॅमो मी त्याच कारणाने ब्रॅकेट आणि कटआऊटसह जपून ठेवला आहे. ऐन चिखलणीत अल्टरनेटर बंद पडलाच, तर मागचा दिवा न लावता त्याच्यावर काम पुढे चालू ठेवता येईल.