पालापाचोळा संकलन केंद्र: परवानगी कोणत्या जागेसाठी मागावी?

वस्तीतला पालापाचोळा आणि छाटलेल्या फांद्या एका ठिकाणी आणून टाकायची सोय करायची, तर यंत्र, वर्गणी, खताचे हौद हे सगळं नंतरचं. आधी जागा ठरते, आणि ती चुकली की बाकीचं सगळं टपाल विभागातच अडकून राहतं. सहसा चारच पर्याय समोर येतात: सोसायटीच्या रेखांकनातली (मंजूर ले-आउटमधली) मोकळी जागा, महापालिकेच्या उद्यानाचा कोपरा, विकास आराखड्यातला आरक्षित किंवा सुविधा भूखंड, आणि शहराबाहेर शेती विभागातली खासगी जमीन. खालची तुलना मुंबई सोडून उरलेल्या शहरांसाठी आहे. त्यांतल्या बहुतेकांना डिसेंबर २०२० पासूनची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (यूडीसीपीआर) लागू आहे. मुंबईचा हिशोब तिच्या स्वतःच्या विकास नियमावलीवर, डीसीपीआर २०३४ वर, चालतो.

एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. ‘आपण काही बांधत नाही, नुसता पाला टाकणार, मग परवानगी कशाला?’ असं हमखास म्हटलं जातं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधल्या कलम २(७) च्या व्याख्येत जमिनीच्या वापरातला ठळक बदलसुद्धा ‘विकास’ धरला आहे. शेड नसली तरी रोज पाच टेम्पो येऊन रिकामे होत असतील, तर तो बदलच झाला. शेजाऱ्याने तक्रार केली की पहिला प्रश्न येतो परवानगीच्या कागदाचा.

फक्त घेणार, की खतही करणार?

जागा कुठलीही असो, अर्जात हे दोन वापर वेगळे मांडा. दोन्हींना लागणारं क्षेत्र आणि दोन्हींवर येणाऱ्या हरकती यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

समजा ऐन पानगळीत दिवसाला पाच छोटा हत्ती टेम्पो येतात. शिगोशीग भरलेल्या टेम्पोत साधारण ३ घनमीटर सुटा पाला मावतो आणि त्याचं वजन जेमतेम २०० किलो भरतं. म्हणजे दिवसाला १५ घनमीटर, पण वजन एकच टन. हा माल श्रेडरमधून (पाला-फांद्यांचा भुगा करणाऱ्या यंत्रातून) काढला की ४ घनमीटरच्या आसपास येतो. नुसतं उतरवून घेणं, भुगा करणं आणि आठवड्यातून दोनदा उचलणं एवढंच करायचं असेल, तर टेम्पो वळवायच्या जागेसह २०० ते २५० चौरस मीटर पुरतात.

खत तिथेच करायचं म्हटलं की गणित पार बदलतं. शेणकाला आणि पाणी घालून, वेळच्या वेळी उलथत ठेवलेला पाला अडीच महिन्यांत खताच्या वाटेला लागतो. रोजचे ४ घनमीटर आणि ७५ दिवस म्हणजे ३०० घनमीटर माल एका वेळी जागेवर पडून असतो. तळाशी ३ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच लांबट ढीग लावले, तर दर मीटर लांबीत सुमारे ३ घनमीटर बसतात. म्हणजे २० मीटरच्या पाच रांगा. मधल्या वाटांसकट ७०० चौरस मीटर त्यातच जातात. वर ओल ५० ते ६० टक्क्यांवर राखायला रोजचं पाणी हवं आणि पावसात वाहणाऱ्या काळपट पाण्यासाठी चर हवा.

म्हणून शहरात घेणं आणि दळणं, खत मात्र दुसरीकडे, ही विभागणी आम्हाला सगळ्यात सोयीची वाटते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी दिवसाला ५ टनांपेक्षा जास्त क्षमतेच्या प्रक्रिया केंद्रांना प्रदूषण नियंत्रण मंडळाची अधिकृत मान्यता आणि भोवती विकासमुक्त पट्टा या अटी घातल्या. एक टनाचं केंद्र त्या उंबरठ्याच्या बरंच अलीकडे राहतं. दैनंदिन कमाल क्षमता अर्जात स्पष्ट आकड्यात लिहा. ‘आवश्यकतेनुसार’ असं लिहिलं की तपासणारा अधिकारी सर्वांत वाईट शक्यता धरून चालतो.

सोसायटीची मोकळी जागा

सगळ्यात आधी हीच सुचते आणि इथेच सगळ्यात जास्त अर्ज फसतात. ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या रेखांकनात १० टक्के जागा मोकळी ठेवावी लागते, ती रहिवाशांच्या करमणुकीसाठी. जागा सोसायटीच्या ताब्यात असते, पण तिचा वापर सर्वसाधारण सभा बदलू शकत नाही. ठराव शंभर टक्के बहुमताने झाला तरी फरक पडत नाही. एका सभासदाने पुढे तक्रार केली तरी केंद्र बंद होऊ शकतं. उद्यानासाठी राखलेली जागा दुसऱ्या कामाला, अगदी रुग्णालयालाही, देण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेंगळुरू मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात कडक भूमिका घेतली होती. विरोधकांचे वकील हाच निकाल पुढे करतात.

मग इथे काय जमतं? सोसायटीच्या स्वतःच्या झाडांचा पाला स्वतःच्या आवारात जिरवणं. बागेतला कचरा निर्माण करणाऱ्याने आपल्याच जागेत वेगळा साठवावा आणि स्थानिक संस्थेच्या सूचनेनुसार त्याची विल्हेवाट लावावी, असं २०१६ च्या नियमांनीच सांगितलं. सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळ्या सोडायच्या पट्ट्यात) न येणारे, भिंतीपासून सुटे, जाळीचे तीन-चार वाफे हे बागकामाचाच भाग ठरतात. शेजारच्या दहा सोसायट्यांचा माल त्याच वाफ्यांत येऊ लागला की ते केंद्र झालं. ही रेघ ओलांडायची नसेल, तर हा पर्याय स्वस्त आणि बिनतक्रारीचा आहे.

महापालिकेच्या उद्यानाचा कोपरा

आमचा कौल याला. उद्यानांतला पाला वेगळा गोळा करून शक्यतो उद्यानातच त्यावर प्रक्रिया करणं, हे २०१६ च्या नियमांनी स्थानिक संस्थेचं कर्तव्य म्हणून लिहिलं. म्हणजे उद्यान विभागाला स्वतःच्या पाल्यासाठी ही सोय तशीही हवी असते. तुम्ही तिला परिसराचा पाला जोडून मागता. आरक्षणाचं नाव बदलावं लागत नाही. तयार भुगा तिथल्या तिथे खपतो, ही आणखी जमेची बाजू. झाडांच्या आळ्यात ५ सेंटिमीटर जाडीचा थर दिला, खोडापासून वीतभर लांब ठेवून, तर ४ घनमीटर भुगा ८० चौरस मीटरवर संपतो.

अडचण येते ती मागण्याच्या पद्धतीत. ‘संस्थेला जागा द्या’ असा अर्ज केला की महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ आडवं येतं: मालमत्तेचं मूल्यांकन, भाडं, सभेची मंजुरी. फाईल मालमत्ता विभागात गेली की उद्यान अधीक्षकाच्या हातात काही उरत नाही. त्याऐवजी केंद्र महापालिकेचंच राहील, ताबा आणि दरवाज्याची किल्ली उद्यान विभागाकडे असेल, आणि संस्था ठरलेल्या वेळात माणसं व देखरेख पुरवेल, असा करारनामा मागा. जागेचं हस्तांतरण नाही, म्हणून तो सगळा वळसा टळतो.

कोपरा निवडताना तीन गोष्टी पाहा. टेम्पोला खेळाच्या जागेतून न जाता आत शिरता आलं पाहिजे. घरं लांब हवीत. आणि शाळा, रुग्णालय, न्यायालय १०० मीटरच्या आत नको, कारण तिथे शांतता क्षेत्राची मर्यादा लागते.

आवाजाचा हिशोब अर्जालाच जोडलेला असला की अर्धी हरकत तिथेच मिटते. श्रेडरपाशी एका मीटरवर १०० डेसिबल धरा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे ६४ मीटरवर ६४. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ आहे, पण ती सकाळी ६ ते रात्री १० या वेळेची सरासरी असते. यंत्र दिवसात दोनच तास चाललं, तर सरासरीत आणखी ९ डेसिबल वजा होतात आणि आकडा ५५ वर येतो. कागदावर हे बसतं. प्रत्यक्षात दुपारी एक ते चार यंत्र लावलं तर सरासरी कुणीच ऐकून घेत नाही. फिरतं यंत्र आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दहा ते बारा, एवढंच ठेवा. कायमचं विजेचं यंत्र नको म्हणायला दुसरंही कारण आहे: त्याला थ्री-फेज जोडणी लागते आणि जोडणीसाठी पुन्हा जागेच्या वापराचा पुरावा.

आरक्षित आणि सुविधा भूखंड

इथे सगळं आरक्षणाच्या नावावर अवलंबून. आरोग्य कोठी (सफाई कामगारांची हजेरीची जागा), कचरा हस्तांतरण किंवा महापालिका प्रयोजन असं आरक्षण असेल आणि भूखंड महापालिकेच्या नावावर चढलेला असेल, तर उद्यानापेक्षाही सरळ काम. खेळाचं मैदान, शाळा, दवाखाना असं आरक्षण असेल तर विसरा. ‘नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करून घेऊ’ असा सल्ला कुणीतरी देतंच. त्यासाठी महापालिकेचा ठराव, राजपत्रात सूचना, महिनाभर हरकती-सूचना आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते. पालापाचोळ्यासाठी हा घाट घालण्यात अर्थ नाही.

भूखंड रिकामा दिसतो म्हणून तो महापालिकेचा असतोच असं नाही. संपादन झालेलं नसेल तर मालक वेगळा, आणि दहा वर्षं उलटल्यावर तो त्याच अधिनियमाच्या कलम १२७ ची नोटीस देऊन जागा आरक्षणातून सोडवू शकतो. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा पाहिल्याशिवाय तिथे ताडपत्रीसुद्धा टाकू नका.

उच्चदाब वाहिनीखालचा पट्टाही कुणीतरी सुचवेल. वाळल्या पाल्याचे ढीग आणि वर तारा. याला नकार येतो आणि तो योग्यच आहे. नाल्याकाठच्या किंवा निळ्या पूररेषेच्या (नदीच्या पुराची आखलेली हद्द) आतल्या जागेचंही तेच.

शेती विभागातली जमीन

खत करायचं असेल तर हीच. यूडीसीपीआरमध्ये शेती विभागात चालणाऱ्या वापरांची यादी आहे. तिच्यातल्या नेमक्या कुठल्या नोंदीखाली तुमचा वापर बसतो, तो क्रमांक अर्जात लिहा. पोहोच रस्त्याची रुंदी आणि मालकाचं नोंदणीकृत संमतीपत्र इथे कळीचं ठरतं. तोट्याची बाजू वाहतुकीची: सुटा पाला वीस किलोमीटर नेणं म्हणजे टेम्पोत हवा भरून नेणं. शहरात भुगा करून नेलात तर फेऱ्या चौथाईवर येतात. गायरान (गावाची सामाईक चराई जमीन) कुणी देऊ केलं तर हात जोडा. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपाल सिंग निकालानंतर त्या वाटेला न गेलेलं बरं.

| जागा | परिसराचा पाला घेणं | खत करणं | मुख्य अडसर |
|---|---|---|---|
| सोसायटीची मोकळी जागा | नाही | फक्त स्वतःचा पाला | करमणुकीसाठी राखीव |
| उद्यानाचा कोपरा | होय | लहान प्रमाणात | जागा ‘मागितली’ तर कलम ७९ |
| आरक्षित भूखंड | नाव जुळलं तर | क्षेत्र असेल तर | मालकी, आरक्षणाचं नाव |
| शेती विभाग | लांब पडतं | होय | रस्ता, वाहतूक |

अर्जात काय असावं, आणि काय नसल्याने परत येतो

क्रम असा ठेवा: आधी झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते त्याचा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा, मग मोजणीची क-प्रत (भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा), मग घनकचरा आणि उद्यान विभागाचे अभिप्राय, अग्निशमनाचा ना-हरकत, आणि शेवटी नगररचनेकडे १९६६ च्या अधिनियमाच्या कलम ४४ चा, म्हणजे विकास परवानगीचा, अर्ज. उलट क्रमाने गेलं की नगररचना विभाग अभिप्रायासाठी फाईल फिरवतो आणि दोन महिने तिथेच जातात. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं मानलं जातं (कलम ४५(५)), हे खरं. पण वापर आराखड्याशी जुळत असेल तरच. न जुळणाऱ्या वापराला तो आधार घेऊन काम सुरू करणं महागात पडतं.

नकाशा १:२०० प्रमाणात काढा आणि त्यावर ढिगांची उंची लिहा: दीड मीटरच्या वर नाही, दोन ढिगांत ३ मीटर अंतर, पाण्याची टाकी कुठे, टेम्पो कसा वळतो. आगीचा प्रश्न नक्की येतो. मोठ्या, दाबून बसलेल्या ओल्या ढिगात आतून उष्णता साठत जाते. लहान आणि सुटे ढीग हाच त्यावरचा उपाय. पाला पेटवून देणाऱ्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये ५ हजारांचा, मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यांवर २५ हजारांचा दंड ठरवला. त्या जाळण्याला हे केंद्र पर्याय आहे, हे प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर यायला हवं.

काय घेणार नाही याची यादी घेणाऱ्या मालाच्या यादीपेक्षा जास्त वाचली जाते. शहाळी नकोत: त्यांत पाणी साचतं आणि डासांची तक्रार येते. निर्माल्य नको, त्यातले दोरे आणि प्लास्टिक वेचत बसावं लागतं. नारळाच्या झावळ्या वेगळ्या ठेवा. त्यांचे तंतू यंत्राच्या दांड्याला गुंडाळतात. फुलावर आलेलं गाजर गवत घेऊ नका, कारण ढीग ५५ अंशांपर्यंत तापला नाही तर बी जिवंत राहतं आणि भुग्याबरोबर सगळ्या बागांत पोहोचतं. मनगटापेक्षा जाड फांद्यांसोबत वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीची प्रत मागा. नाहीतर बेकायदा तोडलेलं झाड खपवायची ती जागा होते आणि १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालची चौकशी केंद्रावर येते.

रात्री फाटकाबाहेर गाद्या आणि राडारोडा आणून टाकतात. मंजुरीनंतर केंद्रं बंद पडतात ती बहुतेक यामुळेच. कुलूप, दिवा, आणि सकाळी सातला फाटकासमोरचं उचलायची जबाबदारी कोणाची, हे करारनाम्यात नावाने नव्हे, पदाने लिहा; माणसं बदलतात.

पहिल्याच वर्षी कायमची परवानगी मागू नका. फेब्रुवारी ते जून एवढ्यापुरती तात्पुरती परवानगी मागितली, तर हरकती कमी येतात आणि आवक-जावक वहीतले आकडे पुढच्या अर्जाला जोडता येतात. त्यासाठी अर्ज नोव्हेंबरच्या आत दाखल व्हावा. निवडणुका जवळ असतील तर आणखी आधी. आचारसंहिता लागली की नवे करारनामे होत नाहीत आणि पानगळ काही थांबत नाही.